मी भिंतीकडं बघते, टाका तुमचं

"मी भिंतीकडं बघते हां. टाका तुमचं."

एवढं म्हणून ताई खुर्ची गर्रकन फिरवायच्या, दोन्ही कानांत बोटं घालायच्या आणि मोठ्यानं पाढा सुरू करायच्या. समोर बसलेलं गिऱ्हाईक नवं असेल तर बावचळायचं. या बाईंना काही झालं का, अशा नजरेनं माझ्याकडं बघायचं. मी मान हलवून सांगायचो, टाका टाका, त्यांचं हे असंच असतं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एखादी गोष्ट मनाशी धरतात आणि मग जग इकडचं तिकडं झालं तरी सोडत नाहीत. आपण आधी हसतो, मग वैतागतो, आणि फार उशिरा आपल्याला कळतं की आपण कुणाच्या शेजारी बसलो होतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगरात माळीवाड्याच्या बाजूला माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. सकाळपासून पोरं खाडखाड मशिनं बडवायची आणि मी हातात पट्टी घेऊन त्यांच्या मागून फिरायचो. "बोटांकडे बघू नका, कागदाकडे बघा," हे वाक्य मी जन्मभरात इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन. ताई माझ्याकडं आधी शिकायला आल्या, इंग्रजी आणि मराठी दोन्ही परीक्षा पास झाल्या, आणि मग शिकवायलाच राहिल्या. त्यांचे यजमान एका गॅरेजात मेकॅनिक होते. अबोल माणूस. संध्याकाळी सायकल घेऊन दारात उभे राहायचे, घंटी वाजवायचे नाहीत, नुसते उभे राहायचे.

पुढं टायपिंगचे दिवस उतरणीला लागले. मी इकडून तिकडून जमवाजमव करून दोन कॉम्प्युटर आणले, टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट घेतलं आणि बाहेर पाटी लावली. ती तार जोडली जाताना जो किरकिराट व्हायचा तो ऐकायलाच निम्मी गल्ली जमायची. लोकांना ईमेल उघडून द्यायचं काम ताईंकडं आलं, आणि तिथून माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला.

ताप असा, की आपल्याकडं कुणाला पासवर्ड म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. एक दूधवाले शेठ यायचे. त्यांनी पासवर्ड म्हणून आपल्या जीपचा नंबर ठेवला होता, आणि जीप दारातच उभी असायची, नंबर पुढंही आणि मागंही. निवृत्त मुख्याध्यापक होते, ते एकेक अक्षर खणखणीत उच्चारून टाकायचे. वर्गात श्रुतलेखन घालावं तसं. पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या फुल्या उमटल्या की विचारायचे, "माझी अक्षरं गेली कुठं?" आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागायचे. बाकी सगळ्या नगर जिल्ह्याचे पासवर्ड म्हणाल तर चार देव आणि घरोघरची थोरली मुलं.

ताई प्रत्येकाला समोर बसवून एकच सांगायच्या. "देवाचं नाव नको, लेकराचं नको, गाडीचा नंबर नको. जे गल्लीला म्हाईत ते नको. तुमाला आठवंल आन् दुसऱ्याला सुचणार न्हाई असं कायतरी घाला." मग खुर्ची फिरवायची, कानांत बोटं, आणि बे एके बे.

सवयीचं गिऱ्हाईक झटक्यात टाकायचं, त्याला बेचा पाढा पुरायचा. चाचपडणाऱ्याला बारा-तेराचा लागायचा. ज्याला एकेक अक्षर शोधायला सगळा कीबोर्ड पालथा घालावा लागायचा, त्याच्यासाठी एकोणीसचा राखून ठेवलेला होता. ताईंचा आवाज असा खडा, की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला आत कसलं गिऱ्हाईक बसलंय ते पाढ्यावरून कळायचं. मीही टेबलाशी बसल्या बसल्या ओठांतल्या ओठांत म्हणायचो. माझं गाडं शाळेत असल्यापासून एकोणीस सातीशी अडतं. ते ताईंनी कधी हेरलं कोण जाणे, पण तिथं आल्या की त्या आवाज जरा चढवायच्या, माझ्यासाठी. वर माझ्याकडं बघायच्या नाहीत.

मी एकदा चिडून विचारलं, की बाई, तोंड फिरवता ते समजलं, पण हा पाढ्यांचा जागर कशाला? त्या म्हणाल्या, "सर, तुमीच शिकवलंय की. टकटक ऐकून मला अक्षरं कळत्यात. डोळा फिरवता येतो, पन कान शिकलेला हाय, त्याला कुठं फिरवू?"

कुठलं बोट वरच्या ओळीत गेलं आणि कुठलं खालच्या, हे जुन्या टायपिस्टला आवाजावरून समजतं, हे खरं आहे. मलाही समजायचं. फरक इतकाच की मला ते समजण्यात मौज वाटायची. माझा स्वभावच तसा. एसटीत शेजारच्याच्या हातात पेपर दिसला की मी त्याच्या आधी पान संपवतो. आणि ही बाई आपल्याच शिकलेल्या कानावर हात ठेवून बसलेली. मी त्या दिवशी त्यांच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं, हे कबूल करतो.

पण धंदा तो धंदा. लोक पासवर्ड विसरायचे आणि ताईंना विचारायचे. ताईंना माहीत नसायचा. एक आजीबाई अमेरिकेतल्या नातवाची पत्रं वाचायला यायच्या, त्या दर थोड्या दिवसांनी विसरायच्या. मग ताई त्यांना ईमेलची नवी पेटी उघडून द्यायच्या, पुन्हा भिंतीकडं बघायच्या आणि नातवाला नवा पत्ता कळवायच्या. तो बिचारा आजीच्या इतक्या पत्त्यांनी चक्रावून गेला असेल. मी म्हटलं, अहो, शेजारच्या गल्लीतल्या सेंटरवाल्यानं सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवलेत, गिऱ्हाईक खूश आहे, आपणही तसं करू. ताई म्हणाल्या, "वही ठेवली की कुनीतरी ती मागायला येनार." मी म्हटलं, नगरात कोण येतंय मागायला, नसती उठाठेव. त्यांनी वही काही ठेवली नाही.

ही सवय आली कुठून ते मला पुढं समजलं. ताईंचं माहेर सोनईच्या पलीकडचं ते गाव, जिथं घरांना दारं नाहीत. नाव सांगायची गरज नाही, शनिवारी आपल्यातले निम्मे लोक तिथं तेल वाहायला जातात. आपण जातो, बिनदाराच्या घरांकडं बोट दाखवतो, चोरी होत नाही म्हणून देवाला हात जोडतो आणि परत येतो. पण तिथं माणसं जेवतात, न्हातात, भांडतात, आजारी पडतात, आणि पुढं नुसती चौकट असते, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. ताई सांगायच्या, त्यांच्या आईनं लहानपणी एवढंच शिकवलं होतं. कुणाच्या घरावरून जाताना नजर रस्त्यावर ठेवायची, आणि आत जायचं तर बाहेर उभं राहून आधी आवाज द्यायचा. "दार न्हाई म्हंजे बघायची परवानगी हाय व्हय?" त्या विचारायच्या.

त्यांची ही खोड इतकी पक्की, की सकाळी दुकानाची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये असायची, शटर त्याच वर करायच्या, आणि आत काळं कुत्रं नसताना उंबऱ्याशी थांबून विचारायच्या, "येऊ का?" चहावाला पलीकडून ओरडायचा, "या, या." मग त्या आत जायच्या.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगत बसलोय, ती सांगतो.

पाथर्डीकडच्या एका मोठ्या घरातली एक मुलगी इथल्या एका दवाखान्यात नर्स होती. वडील गेलेले, घरात चुलत्यांचा शब्द चालायचा. चुलत्यांनी तिचं लग्न जमवत आणलं होतं, आणि मुलाकडच्या मंडळींना नोकरी करणारी सून नको होती. मुलीनं घरी कुणाला न सांगता मस्कतच्या एका हॉस्पिटलात अर्ज केला. तो अर्ज माझ्या इथं टाइप झाला, सर्टिफिकेटं मीच स्कॅन केली, म्हणून मला हे ठाऊक. नेमणुकीचं पत्र ईमेलवर यायचं होतं आणि आल्यावर लगेच होकार कळवायचा होता. घरी कळलं असतं तर तिला त्याच दिवशी जीपमध्ये बसवून गावी नेलं असतं. नोकरी गेली असती, दवाखानाही सुटला असता, आणि हळद लागली असती. ती दुपारच्या सुट्टीत धापा टाकत यायची, अक्षरं चुकायची. ताई तिच्यासाठी एकोणीसचा पाढा घ्यायच्या, आणि संपला तर पुन्हा पहिल्यापासून. तिची सगळी कहाणी मला माहीत होती. ताईंना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

एका दुपारी दारात जीप थांबली. चुलते आत आले, सोबत दोन माणसं. पांढरेशुभ्र कपडे, आवाज शांत. असल्या शांत आवाजाची मला फार भीती वाटते. म्हणाले, आमची पोरगी इथं येते, तिला कुनाचीतरी पत्रं येत्यात, ती बघायचीत. कोण पोरगा हाय तेवढं कळू द्या, आमी जातो. ईमेलचा पत्ता त्यांनी कुठून तरी मिळवलेला होता.

पोरगा नाही म्हणावं तर मग काय आहे ते सांगावं लागणार. मस्कतचं नाव निघालं की मुलीचा कारभार आटोपला. मी म्हटलं, आम्ही नुसतं मशीन देतो, पत्रं ज्याची त्याला. ते म्हणाले, "वही असंल की. त्या दुसऱ्या सेंटरात हाय. काढा." नाही म्हटल्यावर त्यांनी टेबलाचे खण उघडून पाहिले. खणांत टाइपरायटरच्या जुन्या रिबिनी होत्या आणि ताईंचे भुईमुगाचे दाणे.

मग ते ताईंकडं वळले. उघडा ते, म्हणाले. ताई म्हणाल्या, मला येत नाही उघडता, तुम्हाला येत असेल तर बसा.

ते बसले. आणि बघा, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो, एरवी माझाही विश्वास बसला नसता. त्यांनी कीबोर्डवर एक बोट ठेवलं, आणि ताईंनी खुर्ची फिरवली. "मी भिंतीकडं बघते. टाका तुमचं." कानांत बोटं, आणि एकोणीस एके एकोणीस. दुसऱ्याचं कुलूप फोडायला आलेला माणूस, आणि ही बाई त्याच्याकडंही पाठ करून बसलेली. मला हसू यावं की रडू, कळेना.

चुलते पुटपुटत एकेक घालू लागले. मुलीचं नाव घातलं. तिच्या वडलांचं घातलं. गावच्या देवीचं घातलं, जन्मसाल घातलं. दर वेळी पडद्यावर चूक असल्याची तांबडी ओळ. सोबतच्या माणसाला विचारलं, तिच्या मैत्रिणीचं नाव काय रे? त्याला माहीत नव्हतं. तिला आवडतं काय? तेही कुणाला माहीत नव्हतं. बोट हवेत तसंच राहिलं. ज्या पोरीला लहानाची मोठी केली तिच्याबद्दल घालायला त्यांच्याकडं अजून काही उरलं नव्हतं. ताई तिकडं दुसऱ्यांदा एकोणीस चोकवर पोचल्या होत्या.

ते उठले. आता आवाज शांत नव्हता. "बाई, पाढे बंद करा. रोज तुमी तिच्या शेजारी बसता. तुमाला म्हाईत न्हाई हे मी मानू? उद्या हे दुकान उघडं राहनार न्हाई."

मी कसाबसा म्हणालो, साहेब, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चहावाला ग्लास न्यायला आला होता, तो दारातूनच म्हणाला, की बाई रोज असंच करतात, सगळी गल्ली ऐकते, माझ्या गिऱ्हाइकांचे पाढे पाठ झालेत. चुलत्यांनी आमच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी ताईंना विचारलं, माहेर कुठलं?

ताईंनी गाव सांगितलं.

चुलत्यांचा चेहरा बदलला. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कोर्टात गीतेवर हात ठेवून बिनदिक्कत खोटं बोलणारे महाभाग मी पाहिलेत, पण त्या देवाची खोटी आण घ्यायला त्यांचीही छाती होत नाही. आणि त्या गावच्या लेकीनं तर नाहीच. "आन घेता?" त्यांनी विचारलं.

ताईंनी खुर्ची सरळ केली, उभ्या राहिल्या, डोक्यावरून पदर घेतला. "माझ्या माहेरच्या देवाची आन. तुमच्या पोरीचा शब्द मी बघितला न्हाई आन् ऐकला न्हाई."

मी असतो तर त्या शपथेत कुठं तरी पळवाट शोधली असती. मनातल्या मनात देवाशी तडजोड केली असती, की बाबा रे, पोरीच्या भल्यासाठी बोलतोय, सांभाळून घे. ताईंना कसलीच तडजोड करावी लागली नाही. आवाज हलला नाही की पापणी हलली नाही. त्या भिंतीकडं बघण्याला मी धंद्याची खोटी म्हणत आलो होतो, आणि त्या दिवशी एका मुलीचं सगळं आयुष्य त्यावर तोललेलं होतं. मी आयुष्यात पुष्कळ धीट माणसं पाहिली. असा धीटपणा पाहिला नाही.

चुलत्यांनी हात जोडले, ताईंना जोडले की देवाला ते कळलं नाही, आणि "चला" म्हणाले. जीप गेली तेव्हा कुठं ताई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सर, पानी द्या."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. झालेलं सगळं तिला दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. ती थेट मशीनसमोर बसली. ताईंनी तोंड फिरवलं. पाढा संपायच्या आत मागून हुंदका ऐकू आला आणि मी घाबरलो, पण ती रडता रडता हसत होती. पत्र आलं होतं. तिनं तिथंच होकार लिहिला, मी चार ओळी सुधारून दिल्या. पुढं घरी काय झालं ते मला नीटसं माहीत नाही. चुलते विमानतळावर गेले नाहीत, पण त्यांनी जीप पाठवली, एवढं समजलं. जाताना ती ताईंच्या पाया पडली आणि बजावून गेली, की तुमचीही एक पेटी उघडा, मी तुम्हाला लिहिणार. ताईंनी उघडली. त्यांच्या पासवर्डाच्या वेळी मीच उठून बाहेर चहावाल्याकडं जाऊन उभा राहायचो, कारण माझा भरवसा मलाच नव्हता.

वर्षभर त्यांचा पत्रव्यवहार चालला असेल. उन्हाळ्यात ताईंना कावीळ झाली. ताईंनी अंगावर काढली, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. चाळिशीही गाठली नव्हती. शटर आता मी वर करतो आणि आत शिरताना पाय उंबऱ्याशी अडखळतो, "येऊ का" म्हणायला जीभ वळते. चहावाला तिकडून काही बोलत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांचे यजमान आले. दारात सायकल लावली, बाहेर उभे राहिले. मी "या" म्हटल्यावर आत आले. मग खाली बघत म्हणाले, "सर, त्या मस्कतच्या पोरीला ती काय काय लिवायची. मला वाचून बघावं वाटतं. लई वाटतं. तुमाला म्हाईत असंल ना तिचा पासवर्ड?"

मला माहीत नव्हता. जगात कुणालाच माहीत नव्हता. मी त्यांना खुर्ची दिली, ताईंचा पत्ता घातला, रिकामी चौकट समोर आली. म्हटलं, तुमच्याइतकं तिला कुणी ओळखत नव्हतं, सुचेल ते टाकून बघा. आणि माझी खुर्ची फिरवली. ताई इतकी वर्षं ज्या भिंतीकडं बघायच्या ती मी पहिल्यांदाच जवळून पाहिली. पोपडे आलेला चुना होता आणि एक खिळा, दुसरं काही नव्हतं. मी कानांत बोटं घातली, पण माझ्याच्यानं ती घट्ट दाबवेनात. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस सक एकशे चौदा. एकोणीस साती…

नेहमीसारखं अडलं. पुढचं काही केल्या आठवेना. मागं टकटक झाली नव्हती, एकदाही नाही.

"एकशे तेहतीस, सर," त्यांचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. कीबोर्डला त्यांनी हात लावलाच नव्हता. हात मांडीवर होते, खुर्ची फिरवलेली होती, आणि तेही माझ्यासारखेच भिंतीकडं बघत बसले होते. मग उरलेला पाढा आम्ही दोघांनी मिळून म्हटला आणि कॉम्प्युटर बंद केला.